डेक्लन हळू नव्हता

उमेश गेल्याचं मला ब्रेंडनने सांगितलं. शनिवारची सकाळ होती, इथे आयर्लंडमध्ये सिटीवेस्टच्या सुपरमार्केटबाहेर मी गाडीच्या डिकीत सामान ठेवत होतो आणि फोनवर त्याचं नाव आलं. ज्या माणसाशी पाच वर्षांत मी एकदाही बोललो नव्हतो, त्याचं. त्याने आधी मी कुठे आहे ते विचारलं, मी गाडी चालवत नाहीये याची खात्री करून घेतली आणि मग सांगितलं. उमेश घरामागे गवत कापत होता. मशीन बराच वेळ एकाच जागी घरघरत राहिलं म्हणून त्याची बायको स्मिता बाहेर आली... अँब्युलन्स वेळेत आली होती, नास गावच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी जवळजवळ तासभर प्रयत्न केले, पण हृदय पुन्हा सुरू झालं नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता.

'निघतो' म्हणून मी फोन ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो आज सात आठवड्यांनी लिहितोय, कारण तो वगळला तर पुढचं सगळं खोटं ठरेल. पहिला विचार दुःखाचा नव्हता. स्मिताने ब्रेंडनला आधी फोन केला, मला नाही, हा तो विचार होता. नासपर्यंतच्या पंचवीस मिनिटांत दुःखही आलं, पण मागच्या सीटवर बसून. पुढे, माझ्या शेजारी, तो फोनांचा क्रम बसला होता. नंतर स्मितानेच, मी न विचारता, खुलासा केला. ती म्हणाली, "भाऊजी, माझा फोन कुठे होता मला कळेना. यांचा हातात आला, त्यात सगळ्यात वर ब्रेंडनचं नाव होतं. मी दाबलं." इतकं साधं होतं. पण उमेशच्या फोनमध्ये सगळ्यात वर कोणाचं नाव असायचं, हाच तर माझा पाच वर्षांचा प्रश्न होता.

मी उमेश खैरनारचा हेवा करत होतो. लोक हे आडवळणाने सांगतात, कौतुकाच्या कागदात गुंडाळून. मी तसं करणार नाही. गेल्यावरही करतोय, असं म्हणालो तर जास्त खरं होईल.

अकरा वर्षांपूर्वी त्याला एअरपोर्टवर घ्यायला मीच गेलो होतो. मी तोवर इथे पाच वर्षं काढली होती, चिप बनवणाऱ्या कारखान्यात बरं चाललं होतं, आणि नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला उतरवून घेणं हे आमच्याकडे ज्याच्या त्याच्या वाट्याला येतं. तो मूळचा चाळीसगावचा, नोकरी पुण्यात केलेली, आता नासजवळच्या मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये लागला होता. बाहेर यायला त्याला तासभर उशीर झाला, कारण हँडबॅगेत त्याने स्वतःचा मोजमापाचा व्हर्नियर कॅलिपर ठेवला होता आणि तो कशाला लागतो हे तो तपासणीवरच्या माणसाला समजावून देत बसला होता. तो माणूस त्याला दरवाज्यापर्यंत सोडायला आला. मी सोळा वर्षांत अनेकदा त्या एअरपोर्टवरून गेलोय, मला कोणी दरवाज्यापर्यंत सोडायला आलेलं नाही.

पहिले दोन महिने मी त्याला सगळं शिकवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. 'ग्रँड' म्हणजे उत्तम, ठीक, कळलं, पुरे, यांपैकी काहीही असू शकतं. 'युवर मॅन' म्हणजे तुझा माणूस नव्हे, तर ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो कोणीही. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा तेही सांगितलं. तो सगळं मन लावून ऐकायचा, आणि वर्षभरात असं झालं की आमच्याच घरी जेवायला आलेला असताना तो माझ्या बायकोला, मंजिरीला, सांगत होता की तुमच्या शेजारच्या आजोबांच्या हिपचं ऑपरेशन झालंय, त्यांना जरा विचारत जा. ते आजोबा पाच वर्षं माझे शेजारी होते. मी त्यांना त्यांच्या गाडीच्या रंगावरून ओळखायचो.

असं प्रत्येक बाबतीत होत गेलं. मी दार उघडून द्यायचो, आणि मागे वळून बघेपर्यंत तो आत सोफ्यावर बसलेला असायचा, घरच्यासारखा. मुद्दाम काहीच करायचा नाही, हेच जास्त लागायचं.

फक्त फुटबॉल माझं होतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, ते हेल्मेट आणि खांद्यांना पॅड लावून खेळतात ते. आयर्लंडला येण्याआधी मी दोन वर्षं अमेरिकेत होतो आणि तिथे एकटेपणात तो खेळ मला लागला. आयर्लंडमध्येही तो खेळतात, हौशी पातळीवर. इलेक्ट्रिशियन, नर्स, विद्यार्थी, एक पोलिश आचारी असे लोक रविवारी एका रग्बी क्लबचं मैदान मागून घेऊन खेळतात. नासच्या बाहेरच्या अशाच एका संघात मी शिरलो. खेळणं शक्य नव्हतं, माझं वजन अठ्ठावन्न किलो. मी शिडीवर चढून मॅचेसचं शूटिंग करायचो, आणि हळूहळू संघाच्या धावायच्या चाली मी आखायला लागलो. ब्रेंडन हा हेड कोच. एरवी शाळेत सुतारकाम शिकवणारा, लाकडासारखाच शांत माणूस. त्याने माझी वही बघितली आणि म्हणाला, घे, हे खातं तुझं.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पाच आडदांड माणसं पुढे रांगेत उभी असतात. त्यांच्यातला मधला बॉल पायांमधून मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेतो आणि मागून येणाऱ्या धावपटूच्या पोटाशी ठेवतो. तेवढ्यात पाच जणांनी समोरच्यांना ढकलून कुठेतरी एक फट पाडलेली असते. ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत उघडी राहते. धावपटू त्या वेळात तिच्यातून गेला तर गेला, नाहीतर चार जण त्याच्या अंगावर असतात. माझ्या वहीत अशा बत्तीस चाली होत्या, आणि त्या सुंदर होत्या, हे मी आजही म्हणेन. क्वार्टरबॅक आधी समोरच्यांकडे पाठ करून गिरकी घ्यायचा, एकाला बॉल दिल्याचं नाटक करायचा, मग दुसऱ्याला द्यायचा. डावीकडचा आडदांड गडी रांगेच्या मागून धावत उजवीकडे जायचा आणि तिथे वाट मोकळी करायचा. मंजिरी एकदा म्हणाली होती की रांगोळीसारखं दिसतंय. मला बरं वाटलं होतं.

मैदानावर मात्र त्यातलं काही चालेना. त्या मोसमात आम्ही ओळीने तीन मॅच हरलो. आमचा धावपटू डेक्लन, कुरिअरची व्हॅन चालवायचा, तेहेतीस वर्षांचा. त्याच्या हातात बॉल येऊन तो रांगेपाशी पोचेपर्यंत तिथे फट नसायची, नुसती भिंत असायची. प्रत्येक वेळी तो तिच्यावर जाऊन आदळायचा, खाली जायचा, उठून हेल्मेटमधलं गवत काढायचा आणि परत जागेवर जाऊन उभा राहायचा. ब्रेंडन मला विचारायचा, हे सगळं इतकं हळू का होतंय? मी व्हिडिओ शंभर वेळा बघून उत्तर काढलं, की डेक्लनचं वय झालंय, तो हळू आहे.

त्याच सुमारास स्मिता आणि मुलगी इरा सुट्टीला भारतात गेल्या आणि उमेश रविवारी एकटा पडला. मीच म्हणालो, चल मैदानावर. तो थर्मासमध्ये चहा घेऊन आला, माझ्या शिडीखाली उभा राहिला आणि पूर्ण मॅच एकच प्रश्न विचारत राहिला, तो जाडा माणूस आडवा का पळतोय? मी समजावलं. पुढच्या रविवारीही तो आला. तिसऱ्या रविवारी दुपारी मॅचनंतर माझ्या घरी आम्ही किचनमध्ये बसून शूटिंग बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की तो बॉलकडे बघतच नाहीये. तो फक्त डेक्लनच्या पायांकडे बघत होता. एक चाल त्याने सात-आठ वेळा मागे-पुढे केली, टेबलावर बोटाने ठेका धरत. त्याचं कामच ते होतं. प्लँटमध्ये लाइन मंदावली की तो मशीन सोडून आधी पट्ट्यावरचे नग बघायचा, कुठला नग कुठे अडून राहतो ते शोधायचा.

"विवेक, डेक्लन हळू नाहीये," तो म्हणाला. "त्याला बॉल उशिरा मिळतोय. आणि मिळाल्यावर तो थांबतोय, कारण तू त्याला थांबायला सांगितलंयस."

मग त्याने बोट ठेवून दाखवलं. क्वार्टरबॅकच्या गिरकीत वेळ जातो. तो आडदांड गडी डावीकडून उजवीकडे पोचेपर्यंत डेक्लनला जागेवर पाय घोळवावे लागतात. शिवाय तो मुळात उभाच फार मागे असतो. आणि ही सगळी फसवाफसवी कोणासाठी, तर समोरच्यांसाठी, आणि समोरचे तर आपल्याकडे बघतच नाहीयेत. ते हौशी आहेत, बॉल मागे गेला की नाकासमोर पळत सुटतात. फसायला त्यांना वेळच नाही... हे तो हसत म्हणाला, टोमणा म्हणून नाही, त्याला खरोखर गंमत वाटली होती.

मी विचारलं, "किती रविवार बघतोयस तू हा खेळ?"

"तीन."

"मी बारा वर्षं बघतोय."

त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि मंजिरीला म्हणाला, वहिनी, चहा टाकताय का. त्या दिवशी तो विषय तिथेच राहिला. पण तो बरोबर आहे हे मला चहाचं पाणी उकळायच्या आतच कळलं होतं. कळलं होतं, आणि मला ते नको होतं.

मंगळवारी क्लबच्या चहाच्या खोलीत बैठक झाली. ओल्या मोज्यांचा वास, कोपऱ्यात किटली, आणि टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण. उमेश मला सोडायला आला होता, म्हणून तोही बसला. मी सांगितलं की डेक्लनला काढावं. ब्रेंडनने दोन्ही हातांनी तोंड चोळलं, त्याला ते जड जात होतं, आणि मग त्याने उमेशकडे बोट करून मला विचारलं की तुझ्या या मित्राने तीन रविवार वाया घालवलेत आमच्यापायी, त्याला काय वाटतं? उमेशने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत होतो. "मला अजून नियमसुद्धा नीट कळत नाहीत," तो म्हणाला. त्याने ती जागा माझ्यासाठी सोडली होती. मी हवं तर तेव्हा बोलू शकलो असतो, माझंच म्हणून सांगू शकलो असतो. मी बोललो नाही. ब्रेंडनने डेक्लनला पार्किंगमध्ये बाजूला घेऊन सांगितलं. खिडकीतून मला दोघे दिसत होते. डेक्लन मान हलवत होता, हो हो, ग्रँड, ग्रँड, असं असावं. पुढच्या रविवारी तो तरीही आला आणि मॅचभर दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत फिरला. नवा धावपटू बावीस वर्षांचा होता, वाऱ्यासारखा पळणारा. तोही भिंतीवर आदळत राहिला.

त्यानंतर ठाण्याला आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं आणि मी तीन आठवडे गेलो. शूटिंगचं काम मीच उमेशवर टाकलं. एकदा त्याचा फोन आला. म्हणाला, ब्रेंडनला काहीतरी करून बघायचंय, मी दोन गोष्टी सुचवू का, तुला चालेल का? मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. मी म्हणालो, "काहीही कर." माणूस ज्या आवाजात 'काहीही कर' म्हणतो तो आवाज त्याला ऐकू आला नसेल असं नाही. पण इकडे मैदानावर डेक्लन बाटल्या वाटत होता, तेही त्याला दिसत होतं. त्याने त्या दोघांतलं एक निवडलं.

परत आल्यावरची पहिली मॅच मी शिडीवरून शूट केली. डेक्लन पुन्हा संघात होता. बॉल मागे आला, मी चार वर्षांच्या सवयीने कॅमेरा सावकाश फिरवला... आणि चौकटीत नुसता माणसांचा ढीग होता. डेक्लन त्यात नव्हता. मी डोळा कॅमेऱ्यापासून काढला तेव्हा तो ढिगाच्या पलीकडे एकटा पळत होता आणि त्याच्या मागे कोणी नव्हतं. दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळीही तेच. त्या दिवसाच्या शूटिंगमध्ये डेक्लन जवळजवळ कुठेच नाही. माझा हातसुद्धा जुन्या चालींच्या वेगाला लागलेला होता. उमेशने फार काही केलं नव्हतं. डेक्लनला दोन पावलं पुढे आणलं, क्वार्टरबॅकची गिरकी काढली, आडदांड गड्याला सांगितलं की कुठे जाऊ नकोस, समोर आहे त्याला ढकल. आणि डेक्लनला सांगितलं की फट शोधू नकोस, ती जिथे असणार आहे तिथे जा. माझ्या बत्तीस चालींतल्या चार उरल्या. आम्ही जिंकलो, आणि नंतर सगळे मिळून चिखलाने भरलेल्या हातांनी उमेशचं डोकं चोळत होते. तो त्यांच्यात अडकून माझ्याकडे बघून हात हलवत होता, ये, ये म्हणून. मी शिडी घडी करत होतो. शिडी घडी करायला एवढा वेळ लागत नाही.

मोसमाच्या शेवटी क्लबने त्याला जॅकेट दिलं, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'कोच'. मी चार वर्षं शिडीवर उभा होतो. मला जॅकेट नव्हतं, आणि त्याआधी ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या मोसमात मी गेलो नाही. कंबर दुखते सांगितलं, मग कामाचं सांगितलं, मग विचारणंच थांबलं. उमेश दोन-तीनदा घरी येऊन म्हणाला, रविवारी ये ना. मी म्हणायचो, बघतो. मंजिरी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू रुसलायस, विवेक. पंचेचाळीस वर्षांचा माणूस रुसलाय आणि कोणाला कळत नाहीये असं त्याला वाटतंय." मी त्यावर तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यानंतरची पाच वर्षं आमची मैत्री दिवाळीच्या फराळावर आणि मुलांच्या वाढदिवसांवर चालली. तो कधीही मनात काही ठेवून बोलला नाही. रविवारी संध्याकाळी त्याचा एका ओळीचा मेसेज यायचा, अमुक विरुद्ध तमुक, जिंकलो किंवा हरलो. मी अंगठा पाठवायचो. तो गेला त्याच्या आधीच्या रविवारचा मेसेज मी उघडलाही नव्हता. जिंकले होते.

अंत्यसंस्काराला इतके लोक येतील असं आम्हा मराठी मंडळींना कोणालाच वाटलं नव्हतं. उमेशचे भाऊ दोन दिवसांत चाळीसगावहून पोचले, तेही गर्दी बघून बावरले. उमेशच्या घरी शेजाऱ्यांनी सँडविचेस, केक, मोठाल्या किटल्या आणून ठेवल्या होत्या, आणि कुठलं भांडं कुठल्या प्रेसमध्ये जातं ते स्मिताला न विचारता कोणी ना कोणी ठेवत होतं. क्रिमेटोरियमच्या बाहेर संघातली चाळीसेक माणसं दोन रांगांत उभी होती, शर्ट-टायवर खेळायच्या जर्सी चढवून. त्यांतल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हतो. चहाच्या वेळी एक बाई, कोणा खेळाडूची आई असावी, माझा हात हातात घेऊन मनापासून म्हणाली, सॉरी फॉर युवर ट्रबल, इथे सांत्वनाला असंच म्हणतात, आणि मग विचारलं, तुमची त्याच्याशी ओळख कशी? मला म्हणावंसं वाटलं, मीच आणलं त्याला. मी म्हणालो, आम्ही मित्र होतो. त्या दिवशी त्या हॉलमध्ये हे वाक्य शंभर लोक म्हणू शकत होते.

त्याआधी, क्रिमेटोरियममध्येच, संघाच्या वतीने डेक्लन बोलला. कागद नव्हता, दोन्ही हात खिशात. त्याने सांगितलं की त्याला संघातून काढलं त्या आठवड्यात उमेश त्याच्या दारात आला होता, आधी कधी बोललेलेही नव्हते ते. उंबऱ्यातच उभा राहून उमेश म्हणाला की तू हळू नाहीयेस, आणि मग पाऊस होता म्हणून आत आला. "तेहेतीस वर्षांचा होतो मी," डेक्लन म्हणाला, "आणि लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या माणसाने मला हळू म्हटलं होतं. नाही म्हणणारा तो पहिला." तो खाली बसला. इरा, उमेशची मुलगी, चौदा वर्षांची, तिथवर रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मी मागच्या रांगेत खुर्चीची कड धरून बसलो होतो, कारण डेक्लनला त्या आठवड्यात हळू म्हणणारा माणूस मी होतो.

बाहेर पडताना डेक्लन माझ्यापाशी आला. तो सगळं विसरला असेल अशी माझी आशा होती. तो हळूच म्हणाला, "तो नेहमी सांगायचा की शोध तुझाच होता. तुझ्या व्हिडिओत तूच बघितलंस, आणि तू भारतात होतास म्हणून त्याने फक्त निरोप पोचवला."

मला काही क्षण कळेचना. म्हणजे मी ठाण्यात जिन्यात उभा राहून 'काहीही कर' म्हणालो, आणि त्याने जाऊन ते माझ्या नावावर केलं. म्हणजे ज्या रविवारी मी शिडी घडी करत बसलो, त्या रविवारी तो हात हलवून मला माझ्या वाट्याच्या कौतुकाला बोलावत होता. म्हणजे पाच वर्षं मी... मी डेक्लनचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "थँक्स."

त्या एका शब्दाने मला पुढचे तीन आठवडे झोप लागू दिली नाही. मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला हेवा वाटत होता, आधी कधी वाटला नव्हता तेवढा. खेळ त्याने घेतला होता, लोक घेतले होते, ठीक. पण मोठेपणासुद्धा इतका सहज, पाठीमागे, मला कळूही न देता करून ठेवला होता, आणि आता परतफेडीला तो जागेवर नव्हता. मंजिरीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, परतफेड त्याला नकोच असेल, पण डेक्लनला खरं सांग, ते तुझ्या हातात आहे.

म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी मी मैदानावर गेलो. ब्रेंडनने लांबूनच हात वर केला, जणू मागच्या आठवड्यातच भेटलो होतो. डेक्लन आता खेळत नाही, नव्या धावपटूंना शिकवतो. सराव चालू होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि समोर बघतच सगळं सांगितलं. शोध माझा नव्हता. मला ते किचनमध्ये सांगितलं गेलं होतं आणि मी तोंड बंद ठेवलं. तुला काढा असं सांगणारा मी होतो. आणि त्या दिवशी थँक्स म्हणालो तेही चोरीचं होतं.

डेक्लनने मैदानावरची नजर काढली नाही. "ते आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्याला खोटं बोलता यायचं नाही रे. कान लाल व्हायचे. ब्रेंडन म्हणाला, त्याला तसं सांगायचंय तर सांगू दे."

मी विचारलं, मग क्रिमेटोरियमच्या बाहेर तू मला ते का म्हणालास? "तू फार वाईट दिसत होतास," तो म्हणाला.

धावपटू जागेवर येऊन उभा राहिला, डेक्लनने त्याच्यामागे जाऊन दोन्ही खांदे धरून त्याला जरा पुढे सरकवलं. सगळे वाकले. बॉल मागे यायच्या क्षणी डेक्लन काहीतरी म्हणाला, एकच शब्द, आणि तो पोरगा सुटला. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुढच्या चालीला मी कान देऊन ऐकलं. डेक्लन म्हणत होता, 'चल'. ल जरा जिभेवर लोळत होता, च इंग्रजी वळणाचा होता, पण शब्द तोच होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला की उमेश प्रत्येक चालीला असंच म्हणायचा, आता सगळेच म्हणतात, लहान गटातली मुलंसुद्धा. अर्थ माहीत आहे का विचारलं, तर म्हणाला, हो, म्हणजे बघत बसू नकोस.

तसा तो अर्थ नाही. 'जा' म्हणायला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. 'चल' म्हणणारा स्वतःही निघालेला असतो, बरोबर. हे मी डेक्लनला सांगणार होतो, माझी भाषा आहे, निदान एवढं तरी मला जास्त येतं... पण तोवर पुढची चाल लागली होती. डेक्लन पुन्हा म्हणाला, चल, आणि या वेळी मी बघितलं, तो म्हणताना स्वतःही एक पाऊल पुढे टाकतो, दुखऱ्या गुडघ्यावर, प्रत्येक वेळी. ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते त्याने उमेशचं बघून उचललं होतं, पाच वर्षं दर रविवारी शेजारी उभं राहून. मी दुपार संपेपर्यंत तिथे थांबलो आणि त्या एका पावलाचा हेवा करत राहिलो.